वृत्तवाहिनीकडे पक्षपाताची तक्रार कुणी केली आहे का? पुढे काय होतं?

सरळरेषा (मंगळवार, रात्री ९:१२)

मंडळी, आधीच एक विनंती. कुठल्याही पक्षाचं नाव न घेता बोलूया. मीही घेणार नाही. वाहिनीचंही नाव नको.

गेल्या शनिवारी संध्याकाळी एकाच शहरात दोन सभा होत्या. आमच्याकडे जी मराठी वृत्तवाहिनी लागलेली असते, तिने पहिली सभा अथपासून इतिपर्यंत थेट दाखवली, मध्ये एक जाहिरातसुद्धा नाही. दुसरी सभा साडेनऊच्या बातम्यांत आली ती जेमतेम अर्धं वाक्य कानावर पडेल इतकी. दृश्यं कसली, तर मागच्या रांगांतल्या रिकाम्या खुर्च्या. खाली लाल पट्टी: 'सभेकडे जनतेची पाठ?' प्रश्नचिन्हासकट. दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांत त्याच सभेचे फोटो आले, त्यात मैदान व्यवस्थित भरलेलं दिसतंय.

मी वाहिनीला मेल टाकला. 'तुम्ही पूर्णपणे विकले गेला आहात, एकाच बाजूची तळी उचलता, याला पत्रकारिता म्हणत नाहीत' वगैरे. तत्काळ उत्तर आलं, यंत्राकडून: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

इथून पुढे कुठे जायचं? कुणी गेलं आहे का? काही उपयोग होतो, की नुसतंच मन मोकळं होतं?

खवचटराव (मंगळवार, रात्री ९:१५)

आपला धागा आमच्यासाठी मोलाचा आहे. पुढचे पन्नास प्रतिसाद वाचायला आसन धरून बसलो आहे.

कलमवाचक (मंगळवार, रात्री १०:०४)

जायला जागा आहे, आणि ती तीन पायऱ्यांची आहे. १७ जून २०२१ रोजी केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून ही रचना नियमांतच घातली आहे.

पहिली पायरी वाहिनी स्वतः. प्रत्येक वाहिनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि त्याचा पत्ता संकेतस्थळावर द्यायचा असतो. पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत. तुम्ही मेल 'फीडबॅक'च्या पत्त्यावर टाकलेला दिसतोय. तो डबा वेगळा, हा वेगळा.

दुसरी पायरी स्वयंनियामक मंडळ. बऱ्याच वृत्तवाहिन्या एनबीडीए (न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशन) या संघटनेच्या सभासद आहेत, आणि तिचं तक्रारी ऐकणारं मंडळ म्हणजे एनबीडीएसए. अध्यक्षपदी निवृत्त न्यायमूर्ती असतात, २००८ साली सुरुवात झाली तेव्हा न्या. जे. एस. वर्मा होते. नावातला डिजिटलचा 'डी' २०२१ मध्ये आला. आधी वाहिनीकडे तक्रार, मगच इथे. थेट गेलात तर परत पाठवतात.

तिसरी पायरी केंद्र सरकारची आंतरविभागीय समिती.

आता घाईची गोष्ट. एनबीडीएसएच्या नियमांप्रमाणे वाहिनीकडची मूळ तक्रार पहिल्या प्रसारणापासून सात दिवसांत गेलेली असावी लागते. शनिवार म्हणालात ना? मग या शनिवारच्या आत योग्य पत्त्यावर रीतसर तक्रार टाका. आधीच्या मेलवर विसंबू नका.

आणि त्याहीआधी सभासदांची यादी बघा, संघटनेच्या संकेतस्थळावर असते. सगळ्या वाहिन्या एनबीडीएत नाहीत. २०१९ मध्ये काहींनी वेगळं फेडरेशन काढलं, त्यांचं मंडळही वेगळं.

मोरपीस (मंगळवार, रात्री १०:११)

प्रेस कौन्सिलकडे नाही का जाता येत? लहानपणापासून तेच नाव ऐकलंय.

कलमवाचक (मंगळवार, रात्री १०:१४)

नाही. १९७८ च्या कायद्याने प्रेस कौन्सिलच्या कक्षेत वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्था येतात. टीव्ही येत नाही. दरवर्षी किती लोक तिकडे टीव्हीची तक्रार पाठवून उत्तराची वाट बघत बसत असतील, देव जाणे.

रिमोट_हरवला (मंगळवार, रात्री १०:३०)

एवढा खटाटोप कशाला? आम्ही बातम्यांच्या वाहिन्या बंद केल्या त्याला जमाना झाला. रक्तदाब ताळ्यावर आहे. तक्रार करणं म्हणजे 'मी तुम्हाला रोज बघतो' अशी पावती देणं.

मोरपीस (मंगळवार, रात्री १०:३३)

तुम्ही बंद केल्याने तुमचा रक्तदाब उतरला. बाकीच्या घरांत ती पट्टी फिरतेच आहे ना?

दुसरी_पाळी (मंगळवार, रात्री ११:४७)

काही वर्षं वृत्तवाहिनीत आउटपुट डेस्कवर (जिथून बातमी पडद्यावर जाते तिथे) काढली आहेत. कुठली ते सांगत नाही, नेमकी तुमचीच निघायची. आतून हे सगळं कसं दिसतं ते सांगतो.

'विकले गेलात' छापाचे मेल दोन्ही बाजूंनी येतात आणि शब्दसुद्धा तेच असतात. फक्त कुणाला विकले गेलो एवढं बदलतं. ते कुणी वाचत नाही. वाचलेच तर डेस्कवर मोठ्याने वाचून हसायला. मात्र तारीख, वेळ, पट्टीचे नेमके शब्द, यूट्यूबची लिंक आणि वाहिन्यांच्या आचारसंहितेचा मुद्दा असं लिहिलेलं पत्र तक्रार अधिकाऱ्याकडे आलं, की ते आधी लीगलकडे जातं. लीगलचा फोन संपादकाला. संपादक डेस्कवर येऊन विचारतो, 'हा अ‍ॅस्टन कुणी लिहिला?' (अ‍ॅस्टन म्हणजे तुमची लाल पट्टी.) त्या दिवशी कुणी हसत नाही.

आता तुमच्या शनिवारबद्दल. हे अनेकांना आवडणार नाही. मोठ्या पक्षांच्या सभांचं चित्रीकरण हल्ली पक्षच करतो. जिब क्रेन, चार-पाच कॅमेरे, ड्रोन, सगळा थाट. तयार फीड वाहिन्यांना फुकट मिळतं. डेस्कसाठी ती चैन असते: ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) नको, माणूस नको, बटण दाबलं की तासभर भरला. गर्दीचा कुठला कोपरा दाखवायचा हेही पक्षाचाच दिग्दर्शक ठरवतो. दुसऱ्या सभेचं फीड नसेल तर एक स्ट्रिंगर (कामापुरता घेतलेला वार्ताहर) बाइकवरून जातो. त्याला त्या संध्याकाळी अजून दोन कामं असतात. तो सभेच्या तासभर आधी पोचतो, चार शॉट घेतो, पाठवतो, निघतो. तासभर आधी खुर्च्या रिकाम्याच असणार.

म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या मिनिटांवर भांडाल तर 'आमच्याकडे फीड नव्हतं' हे उत्तर तयार आहे आणि ते बरेचदा खरंही असतं. पट्टीवर भांडा. सभा सुरू होण्याआधीची दृश्यं लावून 'जनतेची पाठ?' लिहिणं, हे मात्र कुणीतरी शुद्धीत असताना केलेलं काम आहे. आणि ते प्रश्नचिन्ह तिथे ठेवलेलं असतंच मुळी लीगलसाठी.

खवचटराव (बुधवार, सकाळी ७:५०)

दुसरी पाळी यांच्या पोटात अजून बरंच आहे? काढा हळूहळू.

धडाडी७७ (बुधवार, सकाळी ८:२६)

नाव न घेता बोलूया म्हणे! शनिवारच्या दोन सभा कुठल्या ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. धागाकर्ता कुणाचा माणूस आहे तेही कळलं. इतकी वर्षं दुसऱ्या बाजूने वाहिन्या वापरल्या तेव्हा तक्रार नाही सुचली? आता बरी सुचली. *[पुढील मजकूर संपादित]*

ओसरी (बुधवार, सकाळी ९:०२)

मला तर धागाकर्ते नेमके उलट्या बाजूचे वाटले. मुद्दाम गुळमुळीत लिहिलंय, म्हणजे आपल्या बाजूची वाहिनी उघडी पडू नये.

सरळरेषा (बुधवार, सकाळी ९:४०)

धन्य आहे! एकाच मजकुरावरून मी दोन्ही पक्षांचा झालो.

आकडेमोड (बुधवार, दुपारी १:१८)

धडाडी आणि ओसरी या दोघांनी नकळत एक जुना प्रयोग करून दाखवला, म्हणून लिहितो.

१९८२ मध्ये बैरुतच्या निर्वासित छावण्यांत हत्याकांड झालं होतं. अमेरिकी वाहिन्यांनी त्याच्या दिलेल्या बातम्या स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या. काही विद्यार्थी इस्रायलच्या बाजूचे, काही अरबांच्या. चित्रफीत एकच. इस्रायलच्या बाजूचे म्हणाले, हे वार्तांकन इस्रायलविरोधी आहे. अरबांच्या बाजूचे म्हणाले, हे इस्रायलधार्जिणं आहे. व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांचा हा निबंध १९८५ चा. त्यांना असंही दिसलं की विषयाची माहिती जितकी जास्त, तितका आपल्या बाजूवर अन्याय झाल्याचा समज पक्का.

म्हणून 'मला पक्षपात दिसला' एवढ्यावर कुठलंही मंडळ काही करू शकत नाही. दिसणारच. प्रत्येकाला दिसतो.

मोरपीस (बुधवार, दुपारी १:५५)

हे वाहिन्यांच्या फार सोयीचं शास्त्र आहे हो. 'दोन्ही बाजू आमच्यावर चिडतात, म्हणजे आम्ही तटस्थ' हे वाक्य प्रत्येक संपादकाच्या तोंडी असतं. दोन्ही बाजू चिडल्या याचा अर्थ दोन्हींबद्दल चुकीचं दाखवलं असाही होऊ शकतो. आणि लोकांना भ्रम होतो म्हणून पक्षपात नसतोच, असं कसं?

आकडेमोड (बुधवार, दुपारी २:०३)

असं मी म्हटलेलं नाही. पक्षपात असतो. तो मोजायचा तर आपल्या चिडण्यावरून मोजता येत नाही, एवढंच. मिनिटं मोजा, पट्ट्या लिहून काढा, पाहुणे कुणाकडचे किती ते बघा. एका संध्याकाळचं नाही, महिनाभराचं.

टेम्सकाठची (बुधवार, सायंकाळी ५:३०)

इकडे ब्रिटनमध्ये याचं मोठं प्रस्थ आहे, म्हणून थोडं विस्ताराने.

बीबीसीची तक्रार आधी बीबीसीकडेच करावी लागते, प्रसारणापासून ३० कामकाजी दिवसांत. पहिलं उत्तर पटलं नाही तर पुन्हा लिहायचं, तेही नाही पटलं तर त्यांच्या एक्झिक्युटिव्ह कंप्लेंट्स युनिटकडे, आणि तिथेही समाधान झालं नाही तर ऑफकॉमकडे, म्हणजे इथल्या प्रसारण नियामकाकडे. २०१७ पासून बीबीसीवर ऑफकॉमचा अंमल आहे. त्याआधी बीबीसीचं स्वतःचंच ट्रस्ट बघायचं. बाकीच्या वाहिन्यांची तक्रार थेट ऑफकॉमकडे करता येते.

ऑफकॉमच्या संहितेचा पाचवा भाग नि:पक्षपातीपणाचा. तिथे मागणी आहे ती 'यथोचित' नि:पक्षपातीपणाची. दोन्ही बाजूंना घड्याळ लावून सारखी मिनिटं द्या, असं त्यात नाही. विषय काय, कार्यक्रम कुठल्या प्रकारचा, प्रेक्षकाची अपेक्षा काय, यावर ठरतं. सरळरेषा, तुमची 'तासभर विरुद्ध अर्धं वाक्य' ही तक्रार इथेही तेवढ्यावर टिकली नसती.

आणि संख्येचा काही उपयोग नाही. २०२१ मध्ये सकाळच्या एका कार्यक्रमाविरुद्ध ५७ हजारांहून जास्त तक्रारी आल्या, राजघराण्याच्या सुनेच्या मुलाखतीवर सूत्रधार जे बोलला त्याबद्दल. ऑफकॉमने निकाल दिला की संहितेचा भंग नाही. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये जीबी न्यूजने पंतप्रधानांचा प्रेक्षकांशी प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम केला, त्यात दुसरी बाजू पुरेशी आली नाही म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक लाख पौंड दंड झाला. वाहिनी मान्य करायला तयार नव्हतीच.

मी स्वतः इथल्या एका वाहिनीला लिहिलं होतं. सविस्तर, सभ्य, तीन परिच्छेदांचं उत्तर आलं. त्याचा सारांश: नाही.

खवचटराव (बुधवार, सायंकाळी ५:४१)

साहेबाच्या देशात नकारसुद्धा तीन परिच्छेदांत येतो.

अटलांटिकपार (बुधवार, रात्री ८:१५)

अमेरिकेत एवढंही नाही. १९४९ पासून फेअरनेस डॉक्ट्रिन होतं: वादग्रस्त विषय हाताळा आणि वेगवेगळ्या बाजू मांडा. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं, १९८७ मध्ये एफसीसीने (इथल्या प्रसारण नियामकाने) स्वतःच रद्द केलं. आणि ते होतं तेव्हाही हवेतून येणाऱ्या रेडिओ-टीव्हीला होतं, त्यामुळे 'ते असतं तर आजच्या केबल वाहिन्या सुधारल्या असत्या' हे इथलं आवडतं वाक्य तितकंसं खरं नाही. आज एफसीसीला बातमीतल्या पक्षपाताबद्दल लिहिलंत तर सांगतात, मजकुरात हात घालायची आम्हाला मनाई आहे, वाहिनीला लिहा. उमेदवारांना समान संधीचा नियम अजून आहे, पण खऱ्याखुऱ्या बातम्यांना त्यातून सूट आहे.

जुनाअँटेना (बुधवार, रात्री ८:५०)

यावरून आठवलं. दूरदर्शनच्या बातम्या होत्या त्या काळी असलं काही नव्हतं. शांतपणे वाचायचे, उठून जायचे.

मोरपीस (बुधवार, रात्री ८:५२)

काका, तेव्हा एकच बाजू होती. भांडण कुणाशी करणार?

जुनाअँटेना (बुधवार, रात्री ९:१०)

खरं आहे, मंत्री फीत कापतानाच दिसायचे. पण ओरडत नव्हते हो! आवाजाविरुद्ध तक्रार करायला एखादं मंडळ आहे का?

कलमवाचक (बुधवार, रात्री ९:३८)

दूरदर्शनचा विषय निघालाच आहे तर: प्रसार भारती कायदा १९९० चा, अंमलात आला १९९७ मध्ये. दूरदर्शन खासगी वाहिन्यांच्या मंडळाखाली येत नाही. पण ते सार्वजनिक प्राधिकरण आहे, म्हणून माहिती अधिकार लागू होतो. दहा रुपयांच्या अर्जात अमुक दिवशी कुणाचं भाषण किती मिनिटं दाखवलं ते विचारता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खासगी वाहिनीला असं विचारता येत नाही. निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन-आकाशवाणीवर वेळ वाटून दिली जाते, ती तर आयोगाच्या देखरेखीखाली. टीका करायची तर निदान आकडे हातात घेऊन करता येते.

निवडणूक जाहीर झाली असेल तर आणखी एक दार आहे. जिल्हा पातळीवर एमसीएमसी नावाची समिती असते, माध्यमांवर नजर ठेवणारी. पैसे घेऊन बातमी केल्याचा संशय असेल तर तिकडे जा. मात्र 'झुकलेली बातमी' आणि 'विकत घेतलेली बातमी' यातला फरक सिद्ध करणं महाकठीण.

रिमोट_हरवला (गुरुवार, सकाळी ८:०५)

बरं, समजा सगळं जमलं. एनबीडीएसएने मान्यही केलं. दंड किती? एक लाख. प्राइम टाइमच्या जाहिरातीत तेवढे किती वेळात सुटतात?

कलमवाचक (गुरुवार, सकाळी ८:४४)

हा आक्षेप सुप्रीम कोर्टानेच घेतला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीशांच्या खंडपीठाने विचारलं की २००८ पासून दंड एक लाखच कसा, तो कार्यक्रमातून मिळालेल्या नफ्याशी जोडायला नको का. मुळात ते प्रकरण एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतरच्या मीडिया ट्रायलवरून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये वाहिन्यांच्या स्वयंनियमनावर जे ताशेरे मारले, त्यावरून वर गेलं होतं.

पण दंडापलीकडे एक गोष्ट असते. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस एनबीडीएसएने धार्मिक तेढीच्या कार्यक्रमांवरून टाइम्स नाऊ नवभारतला एक लाख, न्यूज१८ इंडियाला पन्नास हजार असा दंड केला आणि आज तकला ताकीद दिली. शिवाय ते व्हिडिओ सात दिवसांत इंटरनेटवरून उतरवायला लावले. ही तक्रार एका सामान्य नागरिकाची होती, कुठल्या पक्षाची नाही. तेव्हा 'काहीच होत नाही' हे खरं नाही. फारसं होत नाही, हे खरं.

दुसरी_पाळी (गुरुवार, सकाळी १०:२०)

व्हिडिओ उतरवायला लावणं दंडापेक्षा झोंबतं. टीव्हीवर एकदा गेलं ते गेलं, यूट्यूबवर मात्र ते वर्षानुवर्षं कमावत असतं.

ओसरी (गुरुवार, दुपारी १२:१५)

माझी शंका वेगळीच आहे. तिसरी पायरी सरकारची, बरोबर? मग तक्रार हीच असली की वाहिनी सरकारच्या बाजूने झुकली आहे, तर ती सरकारच्या समितीकडे घेऊन जायची?

खवचटराव (गुरुवार, दुपारी १२:१७)

तेवढ्यासाठी चौथी पायरी आहे. देवळाची.

मोरपीस (गुरुवार, दुपारी १२:५०)

ओसरी, हाच मला खरा धोका वाटतो. सत्तेत कुणीही असो, आज आपण तक्रारीचा रस्ता रुंद करा म्हणतो, आणि उद्या त्याच रस्त्याने एखाद्या धडपडणाऱ्या वाहिनीचा गळा धरला जातो. २०२२ मध्ये केरळच्या एका मल्याळम वाहिनीला परवाना नूतनीकरण नाकारलं गेलं होतं, राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि म्हटलं की सरकारवर टीका करणं म्हणजे राष्ट्रविरोध नव्हे. वाहिनी वाचली, पण एक वर्षाहून जास्त काळ डोक्यावर टांगती तलवार. मी पक्षपात सहन करीन, ते नको.

धडाडी७७ (गुरुवार, दुपारी १:०५)

म्हणजे शेवटी काहीच करायचं नाही. छान.

मोरपीस (गुरुवार, दुपारी १:०९)

दुसऱ्या पायरीपर्यंत करायचं की! तिथे न्यायमूर्ती आणि पत्रकारितेतली माणसं बसतात, मंत्रालय नाही. मी तिसरीबद्दल बोलतेय.

संपादक मंडळ (गुरुवार, दुपारी १:३०)

पक्षांची आणि नेत्यांची नावं असलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. 'माझाच का उडवला' असे व्यक्तिगत निरोप पाठवू नयेत, उत्तर मिळणार नाही.

खवचटराव (गुरुवार, दुपारी १:३१)

दोन-दोन? संपादक मंडळ घड्याळ लावून बसलंय! ऑफकॉमला कळवा.

सरळरेषा (गुरुवार, रात्री १०:२०)

मधले दोन दिवस कामात गेले. आज रात्री बसून तक्रार नव्याने लिहिली. यादीत वाहिनी सापडली, एनबीडीएची सभासद आहे. मसुदा देतोय, पाठवण्याआधी झोडपा.

'शनिवार दि. ___ रोजी रात्री ९:३० च्या बातमीपत्रात ___ येथील सभेच्या बातमीत रिकाम्या खुर्च्यांची दृश्ये दाखवून "सभेकडे जनतेची पाठ?" अशी पट्टी चालवण्यात आली. सदर दृश्यांत मंचावर कोणीही वक्ता नाही, ध्वनिक्षेपकाची चाचणी सुरू असल्याचे ऐकू येते व आकाशात उजेड आहे. सभा रात्री आठ वाजता सुरू झाली. म्हणजेच ही दृश्ये सभेपूर्वीची असून ती सभेची म्हणून दाखवली गेली. सभेच्या वेळची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. हे अचूकता व नि:पक्षपातीपणा या आपल्याच आचारसंहितेतील तत्त्वांचे उल्लंघन आहे. कृपया खुलासा प्रसारित करावा व यूट्यूबवरील व्हिडिओचे शीर्षक दुरुस्त करावे. तसेच आपली वाहिनी गेली अनेक वर्षे एकाच पक्षाची बाजू घेत असून हे लोकशाहीसाठी घातक आहे.'

कलमवाचक (गुरुवार, रात्री १०:३५)

शेवटचं वाक्य काढा. बाकी उत्तम.

दुसरी_पाळी (गुरुवार, रात्री १०:३७)

शेवटचं वाक्य काढाच. ते असलं की लीगल उत्तर फक्त त्याचंच देणार: 'आमच्यावरील सरसकट आरोप आम्ही फेटाळतो.' आणि खुर्च्यांचं राहिलं बाजूला. आकाशात उजेड, हे मात्र झकास पकडलंत. आणखी एक ओळ घाला: 'सदर बातमीपत्राचे मूळ ध्वनिचित्रमुद्रण जपून ठेवावे.' ९० दिवस ठेवायचं बंधन त्यांच्यावर आहेच, पण तुम्हाला ते माहीत आहे हे त्यांना कळू दे. यूट्यूबवरचा व्हिडिओ आजच उतरवून ठेवा, उद्या असेल-नसेल.

सरळरेषा (गुरुवार, रात्री १०:५८)

काढलं. जिवावर आलं, कारण मला खरं म्हणायचं होतं ते तेवढंच. पाठवली.

आकडेमोड (शुक्रवार, सकाळी ९:१२)

तुमची शेवटची ओळच मुळात तक्रारीची खरी ओळ होती, आणि तिच्यासाठी कुठे खिडकीच नाही. एका बातमीची तक्रार करता येते. महिनोन्‌महिने कुठले विषय घेतले आणि कुठले घेतलेच नाहीत, याची करता येत नाही. जी बातमी दाखवलीच नाही, तिची वेळ कुठली लिहिणार?

टेम्सकाठची (शुक्रवार, दुपारी ३:४०)

आकडेमोड, इथेही तेच. 'निवड हा संपादकीय निर्णय' या दगडावर सगळ्या तक्रारी फुटतात.

सरळरेषा (तीन आठवड्यांनी, सोमवार, सायंकाळी ७:०५)

धागा वर काढतोय. तक्रार अधिकाऱ्याची पोच दुसऱ्याच दिवशी आली होती. उत्तर मुदत संपता संपता आलं. थोडक्यात असं: दृश्यं प्रतिनिधीने 'सभेपूर्वी काही वेळ' टिपलेली होती हे खरं, पट्टी प्रश्नार्थक होती, ते मत नव्हतं, वाहिनी कुठल्याही पक्षाशी बांधील नाही, तथापि प्रेक्षकाच्या भावनांचा आदर म्हणून यूट्यूबवरच्या व्हिडिओचं शीर्षक बदललं आहे. बघितलं, खरंच बदललंय. आता फक्त 'सभेचा आढावा' आहे. व्हिडिओतली पट्टी तशीच. टीव्हीवर खुलासा नाही.

रिमोट_हरवला (सोमवार, सायंकाळी ७:३०)

एवढ्या उपद्व्यापातून एक शीर्षक.

दुसरी_पाळी (सोमवार, सायंकाळी ७:४६)

कमी समजू नका. 'सभेपूर्वी टिपलेली' हे त्यांनी लेखी मान्य केलंय. हे वाक्य लीगलच्या हातून सुटलं कसं, याचंच नवल वाटतंय. डेस्कवर निदान पुढचे काही दिवस तरी शॉटची वेळ विचारली जाईल.

कलमवाचक (सोमवार, रात्री ८:२०)

आणि त्याच वाक्याच्या जोरावर एनबीडीएसएकडे जा. उत्तर मिळाल्यापासून दोन आठवडे धरून चाला, त्याआधीच पाठवा. सोबत मूळ तक्रार, पोच, त्यांचं उत्तर, व्हिडिओ आणि फोटो. मागणी एकच ठेवा: खुलासा. सुनावणी बहुतेक ऑनलाइन होईल. वाहिनीचा वकील असेल, तुम्ही स्वतः बोललात तरी चालतं.

सरळरेषा (सोमवार, रात्री ८:४१)

जातोय. घरचे म्हणतात, सुट्टीच्या दिवशी दुसरे उद्योग नाहीत का?

मोरपीस (सोमवार, रात्री ९:००)

सुनावणीला बोलावलं तर इथे सांगा हं, नक्की. अवांतर प्रश्न: यूट्यूबवर स्वतःचं चॅनेल चालवणारे जे पत्रकार आहेत, दोन्ही बाजूंचे, त्यांची तक्रार कुठे करायची? ते तर कुठल्याच संघटनेत नसतात.

कलमवाचक (सोमवार, रात्री ९:२२)

डिजिटल बातम्यांसाठी फेब्रुवारी २०२१ चे आयटी नियम आहेत, तशाच तीन पायऱ्यांचे. पण त्यातल्या आचारसंहिता पाळायला लावणाऱ्या कलमांना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. ते प्रकरण बरंच लांबचं आहे. वेगळा धागा काढा, तिकडे लिहितो.